मावशींची विळी

आज मेथी चिरताना विळीचं पातं पहिल्यांदाच नीट पाहिलं. धार लावून लावून ते मधोमध झिजलं आहे. ही विळी माझी नाही, शेजारच्या सुमनमावशींची आहे. उन्हाळ्यात त्यांचा मुलगा त्यांना आपल्या नव्या फ्लॅटमध्ये न्यायला आला, तेव्हा मावशींनी कपड्यांच्याही आधी ती पिशवीत घातली होती. त्याने हसत बाहेर काढली.

"आई, तिकडे कोणी खाली बसून चिरत नाही. ओटा आहे, मिक्सर आहे, कामाला बाई आहे."

मावशींनी विळी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

याच पात्यावर त्याच्या डब्याची भेंडी चिरली गेली, त्याच्या वडिलांच्या पथ्याचा दुधीही. घरातल्या वस्तू राबत असतात तोवर आपल्याला दिसत नाहीत. दिसतात तेव्हा त्यांची अडगळ झालेली असते. माणसांचं तरी वेगळं काय होतं?

दुपारी मी मावशींना फोन केला.

"बरी आहे गं. सगळं हातात मिळतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काल मटार सोलायला घेतला, तर सुनेने ताटच उचलून नेलं. म्हणाली, तुम्ही आराम करा."

मी समोरच्या विळीकडे पाहिलं.

"म्हणून आरामच करतेय," म्हणाल्या, आणि त्यांनीच फोन ठेवला.