बस्तीतला पुरलेला देव

वरंगळच्या कापडगिरणीत मला चार वर्षं झाली. घरी न सांगता पळून आलेला मी, गावाकडं पाय वळत नव्हता. भादव्यात अक्काचं, थोरल्या बहिणीचं, कार्ड आलं; पत्ता तिनं गिरणीतल्या एका गाववाल्याकडून काढला होता. मला अक्षरं जोडत वाचावं लागतं, पण ते एका दमात वाचलं. मी पळालो त्याच दिवशी आईनं मीठ सोडलं होतं. धाकटा येईल, त्याच्यासोबत डोंगरावरच्या बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, पार्श्वनाथाचं दर्शन घेईन, मगच मीठ खाईन, असा तिचा नियम. आम्हा जैनांत घेतलेला नियम मोडत नाहीत. आता ती चक्कर येऊन पडत होती. मुकादमाच्या हातापाया पडून आठ दिवसांची रजा काढली.

कुणाला जायचं असेल तर वाट सांगतो. काझीपेठवरून सिकंदराबाद, तिथं गाडी बदलायची. पुढं विकाराबाद, बिदर करत उदगीर. बसायला जागा मिळेल या भरवशावर राहू नका, मी बिदरपर्यंत उभाच होतो. उदगीर स्टेशनाबाहेरचा चहा चांगला, भजी मात्र कालची. निलंग्याकडची मोटर चिखलानं बंद होती. तिकडची काळी माती पाय धरून ठेवते, सोडत नाही. वहाणा हातात घेऊन चाललो, मधे एका गाडीवानानं घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो.

शिव्या खायची तयारी करून आलो होतो. आई नुसती माझ्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडं बघत राहिली. अक्कानं आईच्या वाटणीचंही बोलून घेतलं. "या, गिरणीचे मालक. चार वर्षांत एक कार्ड टाकायला सवड झाली न्हाई व्हय?"

आईच्या ताटातलं वरण मी चाखलं. अळणी. गिळवेना. चार वर्षं ती रोज तेच जेवत होती.

सकाळीच मारुतीतात्याची बैलगाडी जुंपली. डोंगराखालचं रान तोच कसतो, बस्तीची किल्लीही त्याच्याकडंच. वाटेत त्यानं देवाची गोष्ट सांगितली. फार मागं एका नांगराला वीतभर काळी मूर्ती लागली. चार गडी लागले तरी उचलेना. मग एका विधवा बाईनं हात लावला, तर फुलासारखी हलकी. ज्याला भेटायचं त्याच्याच हाताला देव येतो म्हणतात. आई गाडीत पडून ऐकत होती, पहिल्यांदाच हसली.

बस्ती बघण्यासारखी आहे, हे खोटं नाही. काळ्या दगडाचे जाड खांब, त्यांवर झिजलेली जुनी कानडी अक्षरं. ती कुणालाच वाचता येत नाहीत. निदान तिथं तरी मी सगळ्यांच्या बरोबरीचा होतो.

कुलूप काढताना तात्या थांबला. "काकी, आत देव न्हाई."

दंग्याच्या भीतीनं उपाध्यांनी, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांनी, मूर्ती एकट्यानंच कुठंतरी पुरली आणि ते सोलापूरकडं निघून गेले. कुणाला कळू द्यायचं नाही अशी तात्याला शपथ. जागा त्यालाही ठाऊक नव्हती, उपाध्यांचा निरोपही नव्हता.

आई आत गेली. मूर्तीची वेदी रिकामी, वर धूळ. मी म्हणालो, मी आलोय ना, वेदीला हात जोड आणि घरी जाऊन मिठाचा घास खा.

"नियम तुझ्याशी न्हाई केला," ती म्हणाली आणि डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणायला बसली.

मला राहवलं नाही. गाडीतली पहार काढली, मागच्या अंगणात गेलो. भिंतीकडची माती भुसभुशीत दिसत होती. तात्या नको नको म्हणत होता. कंबरेएवढा खड्डा केला. हाताला दगड लागले, मूर्ती नाही. मग मागं वळलो तर आई खांबाला धरून उभी. ती खड्ड्यात बघत नव्हती. वर टाकलेल्या मातीत गांडुळं तुटून वळवळत होती, ती बघत होती.

चातुर्मासात आमच्यात कुणी विनाकारण भुई खणत नाही. पावसात मातीला जीव फुटलेला असतो. लहानपणी मीही त्या दिवसांत खाली बघून पाय टाकायचो. गिरणीत ते विसरलो होतो.

ती खाली बसली. एकेक तुकडा पानावर घेऊन ओल्या सावलीत ठेवत राहिली. मी हात पुढं केला तर म्हणाली, "राहू दे. हे माझ्या नियमापायी झालं. प्रायश्चित्तही माझंच."

आणि तिनं रिकाम्या वेदीसमोर मिठासारखं दूध आणि तूपही सोडलं. जन्मभरासाठी. तात्या तोंड फिरवून बैलांची मान खाजवत राहिला.

मी पुढं राहायला तयार होतो. तिनंच रजा संपायच्या आत पाठवलं. परतीला गाडीत जागा मिळाली, बसून आलो. आता पुन्हा गिरणीत मागापाशी उभा आहे. अक्काचं कार्ड येतं, उपाध्ये आले नाहीत, आई अंथरूण सोडत नाही. बस्तीला जाणार असाल तर कार्तिकानंतर जा, वाट कोरडी असते, तात्याचं घर डोंगराखालीच आहे. मागच्या अंगणातला खड्डा मी बुजवला आहे, पाय घसरणार नाही. मी गेलो नसतो तर तिला निदान दूध तरी घेता आलं असतं.