गावंडे सरांचं ब्रह्मांड

बा गेला तेव्हा मी सातवीत होते. तांड्यावर दीड एकर मुरमाड जमीन, तिच्यात पिकेल तेवढी तूर. बाकी घर चालायचं ते याडीच्या, म्हणजे आईच्या, कोंबड्यांवर. ती आर्णीच्या बाजारात अंडी विकायची आणि शाळेच्या वाटेवरच्या दोन दुकानांत पोचवायचं काम माझं. मग वर्गात पोरी नाक धरायच्या. "अंडेवाली आली वो!" आठवीत मी मनाशी पक्कं केलं होतं, दिवाळीनंतर शाळा बंद... याडीलाही सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात गावंडे सर गेल्याचा फोन आला आणि आठवीची तीच खोली डोळ्यांपुढे आली. सर संस्कृत शिकवायचे. शेतकरी घरचे, गळ्यात तुळशीची माळ. फळ्यावर नुसता अर्थ लिहून देणं त्यांना मंजूरच नव्हतं. "शब्द आधी हातात घ्या लेकहो, मंग तोंडात." ब्रह्मांड हा शब्द आला त्या दिवशी म्हणाले, "उद्या एक अंडं पाह्यजे." वर्ग फिस्सकन हसला, सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सर म्हणाले, "सुनिते, तुयाकडचं आण."

घरी याडी काळजीत पडली. "माळकरी माणूस अंडं मागून राह्यला? तब्येत लयच खराब असन त्याची." सकाळी तिनं अंडं चांगलं उकडून दिलं, सोबत मिठाची पुडी!

वर्गात पुडी सुटली आणि मागचा बाक ओरडला, "सर, नाश्ता आला!" माझे कान तापले. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या हातानं टरफल सोललं, दोऱ्यानं अंड्याचे बरोबर दोन भाग केले आणि तळहातावर धरून वर्गभर फिरले. "बृह् म्हणजे वाढणं, फुगत जाणं. त्याच्यातून ब्रह्म आलं. अन् अंड म्हणजे हे. जुन्या लोकायले प्रश्न पडला, एवढं आभाळ, एवढी धरती आली कुठून? तर म्हणे एक अंडं फुटलं. एक भाग आभाळ झाला, एक धरती." मग पोरींच्या बाकापाशी थांबले. "हिच्या घरी रोज ब्रह्मांड निघते, अन् तुम्ही नाक धरता?"

सरांनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. "आईले सांग, अंडं मी खात नाही. पण तिचं मीठ खाल्लं."

हे ऐकून याडी म्हणाली, "आता त्या माणसाच्या शाळेतून तू काही सुटत नाही." आणि खरंच, पुढे दरवर्षी जूनमध्ये सर सायकलनं तांड्यावर यायचे. "मीठ खाल्लंय वहिनी, पोरीले घरी बसवू नका." दिवाळीचा बेत मी त्यांना कधी सांगितला नाही. त्यांना कळला होता, असं आता वाटतं...

परवा सरांच्या घरी काकूंना, त्यांच्या बायकोला, भेटायला गेले. ओसरीतल्या फळीवर सरांचे शब्द अजून मांडलेले आहेत. बैलाची घंटी, करवंटी, कापसाचं वाळकं बोंड, गाडीच्या चाकाचा आरा. काकू म्हणाल्या, "कोणतं कोणत्या शब्दाचं, मले नाही माहीत. पुसते अन् जागच्या जागी ठेवते." मी खाली बसून एकेक सांगत गेले. एकही चुकला नाही.

मी संस्कृत घेऊन बी.ए. झाले. आमच्या तांड्यातली पहिली पदवीधर.