वाकडी भिंत आणि एक मायनर कॉर्ड

आमचे हे फरशा बसवतात. तीस वर्षं झाली. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेले तरी ताटाआधी जमीन बघतात, आणि सांध्यात केसभर फरक दिसला की ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. अशा माणसाने पन्नाशीत जुनी गिटार विकत आणली. मी म्हटलं, झालं! एवढंच बाकी होतं.

कारण मात्र माझ्याही काळजातलं होतं. लेकीच्या गळ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं गायला हवं, नाहीतर आवाज आखडून जाईल. तिने एकदा तिचं आवडतं गाणं धरलं, सूर चिरकला आणि ती "आता परत नाही" म्हणून खोलीत जाऊन बसली. तिच्यासोबत गिटार वाजवणारी मैत्रीणही परगावी गेलेली. मग ह्यांनीच मनावर घेतलं.

पहिल्या दिवशी काय करावं? टेप आणि काटकोन तपासायचा गुण्या घेऊन गिटार मोजली! दांडीवरच्या पट्ट्यांमधले खण पुढे पुढे लहान होत गेलेले. "कोणी बसवल्यात ह्या? एक खण दुसऱ्यासारखा नाही!" म्हणत तडक दुकानात भांडायला. दुकानदार पोट धरून हसला. "काका, तार आखूड होते तसे खण लहान होतात. सगळ्या गिटारी अशाच." ओशाळून हे तिथेच एक मायनर कॉर्ड, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडून निघणारा एक उदासवाणा सूरमेळ, शिकून आले. पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं, पुढे आणखी दोन बोटं. तोच आकार दांडीवर सरकवायचा, की दुसरी मायनर कॉर्ड तयार.

पंधरा दिवस घरात नुसतं खट्ट-खट्ट. बोटं जाड, एक तार दाबायला जावं तर शेजारची मुकी होते. मी वैतागून म्हटलं, "अहो, वाजवताय की फरशी ठोकताय?"

"तू गप गं. पाचव्या खणात जमलीय मला."

लेकीच्या त्या आवडत्या गाण्याची पहिली ओळ अख्खी त्याच कॉर्डवर होती. रविवारी सकाळी हे लेकीच्या दारासमोर स्टूल टाकून बसले आणि वाजवायला लागले.

"बाबा, नका ना," आतून आवाज आला. "माझा आवाज तिथवर नाही पोचत आता."

हे चौथ्या खणात सरकले, सूर थोडा खाली उतरला. "नाही." तिसऱ्या. "नाही हो बाबा!" दुसऱ्या खणात सूर आणखी खाली, पण खण रुंद, बोटं फाकवावी लागतात, ह्यांनी दातओठ खाऊन दाबलं.

"अगं, भिंत वाकडी असली की आम्ही फरशी कापतो. भिंत कोणी पाडत नाही. तू कुठे आहेस ते सांग, मी येतो तिथे."

दार फटभर उघडलं. खरखरीत, जाड आवाजात ओळ आली. अडखळली, पण पुरी झाली. मला तर रडूच आवरेना. ह्यांनी ओळ संपेपर्यंत बोट काही उचललं नव्हतं.

"परत?" ह्यांनी विचारलं.

"परत," लेक म्हणाली. "पण बाबा, तुमची मधली तार वाजत नाहीये."

तीस वर्षांत ह्यांच्या कामात कोणी खोट काढली आणि हे हसले, असं मी पहिल्यांदाच बघितलं.