कुंकवाने अडलेली चक्री

दर खंडेनवमीला मी वडिलांचं जुनं पोलिसी रिव्हॉल्वर पाटावर ठेवते. तिळाच्या तेलाचा आणि कुंकवाचा वास लोखंडावर एकत्र आला, की मी मनानं आमच्या धानोऱ्याच्या शेतात जाऊन उभी राहते.

वडील निवृत्त जमादार. पोलिसांनी मोडीत काढलेलं हे रिव्हॉल्वर त्यांनी परवाना काढून हौसेनं घेतलं होतं. पूजा झाली की बांधावरच्या मडक्यावर एक गोळी झाडायची, हा त्यांचा रिवाज. मी सोळा वर्षांची होते, त्या वर्षी त्यांचा हात कापायला लागला. काकांनी हात पुढे केला, तर वडिलांनी रिव्हॉल्वर माझ्याकडे दिलं.

"आंडेरना हातमा बंदूक?" पोरीच्या हातात बंदूक पाहून काका ओरडले.

"मन्हा हात कापस, तिन्हा नई," वडील म्हणाले.

मी चाप ओढला, पण गोळ्यांची चक्री फिरेना. पूजेत मीच थापलेलं कुंकू तेलात मिसळून फटीत बसलं होतं. काका पोट धरून हसले. मी गोळ्या काढल्या, पदरानं फट पुसली, पुन्हा भरल्या. मडकं फुटलं. तळहातातून खांद्यापर्यंत गेलेला तो हिसका मला फार गोड वाटला.

"कशाले जोयजे तुले हाई?" काकांनी विचारलं.

"माले आवडस."

तेव्हा माझा मलाच तो उद्धटपणा वाटला होता. आता परवान्याच्या नूतनीकरणाला कारकून सुचवतो, "आजी, कारण 'पीकसंरक्षण' लिहा." मी 'आवड' लिहिते. तो खोडतो. मी पुन्हा लिहिते, मोठ्या अक्षरात.