बारा जणांचे पाय

रूथबाई साळवे कुणालाही भेटल्या की आधी पायांकडे बघायच्या, तोंडाकडे नंतर. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्यावर त्या रायपूरजवळच्या बीरगांवच्या कारखान्यांतल्या मजुरांच्या जखमा बांधत फिरायच्या. आमच्या चर्चच्या मंडळीत आम्ही पाचारण, शिष्यत्व, मिशन यांवर तासतासभर बोलायचो. बाई पाळकांनाच, म्हणजे आमच्या पाद्र्यांनाच, सुनवायच्या, "कोणी बोलावून राहिलं तर उठून जा लागते. भाषण काहून देता?"

रायपूर राजधानी झालं आणि आमची मंडळी हवेत गेली. नवी इमारत झाली, पहिल्या रांगेत मंत्रालयातले साहेब बसू लागले. येशूने शिष्यांचे पाय धुतले तसे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाळक बारा जणांचे पाय धुतात. ती यादी मी करायचो, सचिव म्हणून. ते बारा जण घरूनच साबणाने पाय घासून, नवे मोजे चढवून येत.

त्या वर्षी बाईंनी संतरामचं नाव दिलं. कारखान्यातल्या भट्टीवर काम करताना त्या मजुराचा डावा पाय भाजला होता. जखम भरली, पण आपल्या पायाला आता कुणी हात लावणार नाही असं त्याच्या मनाने घेतलं आणि तो घराबाहेर पडेना. या वर्षी तुझेही पाय धुतले जातील, असा बाईंनी त्याला शब्द दिला होता. मी नाव लिहिलं. पाळक म्हणाले, शेजारी साहेब बसणार आहेत, बरं दिसत नाही. मी खोडलं, आणि बाईंना कळवलंही नाही.

संतराम धुतलेला सदरा घालून आला. बाराही खुर्च्या भरलेल्या. मी दारातच त्याला म्हटलं, "अगली बार, भैया." तो "हव" म्हणाला आणि वळला.

गाणं चालू असतानाच रूथबाई उठल्या. पाळकांच्या हातातला टॉवेल त्यांनी ओढून घेतला आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "नाव तूच खोडलं न, विजय? मग परात तूच उचल."

बाहेर पायरीवर संतरामला बसवून त्या मला म्हणाल्या, "धू."

मी धुतले. चारचौघांत असा अपमान केला म्हणून मी आतून नुसता धुमसत होतो. त्या कडक, काळ्या कातडीवरून हात फिरला तेव्हा संतराम हळूच हसला. "गुदगुदी होथे," म्हणाला. बाई हसल्या नाहीत.

कमिटीने त्यांना वर्षभर उपासनेला येण्यास बंदी केली. तो ठरावही माझ्याच अक्षरात आहे. वर्ष पुरं व्हायच्या आत बाई गेल्या.

अंत्यविधीला त्याच पाळकांनी अर्धा तास त्यांच्या सेवेचे गोडवे गायले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संतराम दाराबाहेर अनवाणी उभा होता. मी त्याला आत बोलावलं.

"सिस्टर ला तुमन बाहिर करे रहेव न," तो म्हणाला. "त महूँ बाहिरे ठीक हंव." म्हणजे बाईंना आम्ही बाहेर काढलं, तर तोही बाहेरच बरा.

पहिल्या रांगेत सचिवाची खुर्ची होती. मी परत गेलो नाही, त्याच्याशेजारी उभा राहिलो. फार उशिरा उभा राहिलो. मनातला राग अजून जात नाही. पाळकांवरचा थोडा, स्वतःवरचाच जास्त.