रोजाच्या भाड्याचा बंगला

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि मरेपर्यंत विसरणार नाही. खून नाही, दरोडा नाही, साधा जुगाराचा गुन्हा. पण सगळ्या नोकरीत मला एवढं कुणी फिरवलं नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधली प्रत्येक पायरी माझ्या पायांनी चढलो, कुणाच्या चिठ्ठीनं नाही. शेवटची नेमणूक कराडला होती. माझ्या बीटात एक कॉलनी यायची. बंगले, पुढं तुळस, मागं पेरूचं झाड, सगळी नोकरीतून निवृत्त झालेली माणसं. तिथं मोबाईलवरून बुकिंग करून एक-दोन दिवसासाठी घर भाड्यानं द्यायचं खूळ आलं. इंजिनिअरिंग कॉलेजात पोरं सोडायला आलेले आईबाप, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेली माणसं, लग्नाचं वऱ्हाड, अशी गिऱ्हाइकं. कॉलनीतल्यांची कुरकुर वाढली तेव्हा नगरपालिकेनं नियम केला. राहत्या वस्तीत रोजानं घर द्यायचं तर पालिकेत नोंद करायची, पाहुण्यांच्या ओळखपत्राची प्रत पोलीस ठाण्यात द्यायची, आणि शेजाऱ्यांची हरकत आली तर सुनावणी होऊन परवानगी रद्द.

कॉलनीत असं एकच घर होतं. मालकीण सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणत. माहेर म्हसवडकडचं, बाप मेंढरं राखायचा. नवरा वारलेला, मूल नाही. खाली स्वतः राहायची, वरचा मजला द्यायची. शनिवारी दुपारी म्हाताऱ्या आईकडं म्हसवडला जायची, ती रविवारी संध्याकाळी परत.

शेजारच्या बंगल्यात कॉलनी कमिटीचे अध्यक्ष राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सगळे त्यांना अण्णा म्हणत. एक दिवस अण्णा लेखी अर्ज घेऊन ठाण्यात आले.

"फौजदार, दर शनिवारी वरच्या मजल्यावर पत्त्यांचा अड्डा बसतोय. बायाबापड्यांनी ऱ्हायचं कसं हितं?"

माझ्या खबऱ्याकडूनही तेच कळलं. तीन पानी चालते, माणसं बाहेरगावची आणि गावातलीही. दर वेळी बुकिंग वेगळ्या नावानं. साहेबांकडून छाप्याचा आदेश घेतला आणि पुढच्या शनिवारी निघालो.

छाप्याला दोन पंच लागतात. कायदा म्हणतो, त्याच भागातले, प्रतिष्ठित. अण्णांपेक्षा प्रतिष्ठित कोण? सकाळीच त्यांना निरोप दिला, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला दुसरा पंच घेतला. दुपारी वर गेलो तर खोली रिकामी. सतरंजी अंथरलेली, कपातला चहा गरम, माणूस एक नाही. पत्ता तर नाहीच नाही.

अण्णा जिन्यावरच म्हणाले, "मी सांगत नव्हतो? बाई म्हसवडात बसून फोन लावती त्यांस्नी. तिचंच हप्त्याचं काम हाय."

बोलणं पटण्यासारखं होतं. गिऱ्हाइकांचे नंबर तिच्याकडंच. शनिवारीच नेमकी घरात नसते. सोमवारी तिला ठाण्यात बोलावली आणि बाकावर तासभर बसवली. माझी ती पद्धत होती. गुन्हेगार माणूस बसून बसून आपोआप घोटाळतो. ही बाई पर्समधून सुई-दोरा काढून साडीला फॉल लावत बसली.

"शनिवारीच का जाता?" मी विचारलं.

"आई शनिवारी न्हाती. तिला उचलून न्हाणीत न्यायला दोन माणसं लागत्यात. भाऊ एकटा पडतो."

"वर काय चालतं माहीत नाही तुम्हाला?"

"माहीत असतं तर तुमची वाट बघितली असती व्हय? दवाखान्यात दारू पिऊन आलेल्याच्या कानाखाली वाजवलीय मी."

"छाप्याची खबर कुणी दिली मग?"

"ते तुमी शोधायचं. पगार तुमाला हाय." तिनं फोन टेबलावर सरकवला. "घ्या. सगळे नंबर बघा. आनि एक सांगते, दादा. ते घर मी रात्रपाळ्या करून बांधलंय. परवानगी गेली तर जाऊ दे, मी भाकरी कमी खाईन. पण जुगाराच्या अड्ड्याची मालकीण म्हणून माझं नाव लागलं, तर म्हसवडला आईपुढं कुठल्या तोंडानं जाऊ?"

फोनमध्ये काही मिळालं नाही. पण फोन दुसराही असू शकतो. मी तिला सोडली, संशय सोडला नाही. जुगाराची जागा जाणूनबुजून दिली असं ठरलं तर आरोपी नंबर एक मालक असतो. आणि अण्णांच्या हरकतीवर पालिकेत पुढच्याच सोमवारी सुनावणी लागली होती.

मधल्या शनिवारी पुन्हा गेलो. या वेळी कुणालाच आधी सांगितलं नाही. जीप लांब लावली, साध्या कपड्यात चालत आलो. अण्णांच्या दारात उभं राहूनच म्हणालो, "अण्णा, चला, पंच व्हायचंय."

"आत्ता? थांबा, बूट घालतो." आत गेले, आणि जरा वेळानं पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आले.

आम्ही बंगल्यात शिरलो तेव्हा मागच्या बाजूला पेरूची फांदी मोडल्याचा आवाज आला. हवालदार धावला, तोवर माणसं कंपाउंडावरून पलीकडं उसात. पण या खेपेला त्यांची घाई झाली होती. वर पत्ते पसरलेले. आणि जिन्याखाली चपलांचा ढीग! जुगार खेळायला आले, पण घरात शिरायचं म्हणून पायातलं बाहेर काढून, भिंतीला लावून ठेवलेलं. पळाले मागच्या दारानं, अनवाणी. हवालदार हसत सुटला.

"साहेब, संस्कारी जुगारी हायत."

पंचनामा सुरू केला. स्लीपर, सँडल, एकेक जोड लिहिताना अण्णांनी वाकून एक जोड उचलला. नव्या कोऱ्या कातडी वहाणा, हातानं शिवलेल्या, अंगठ्याला लाल गोंडा.

"ह्या माझ्या हायत," अण्णा म्हणाले. "मगाशी हितं काढल्या."

हवालदारानं अण्णांच्या बुटांकडं बघितलं. तोंड उघडणार, एवढ्यात मी डोळ्यानं त्याला गप्प केलं.

"असू द्यात अण्णा. पण जागा पंचनाम्याची हाय. सध्या राहू द्यात माझ्याकडं."

संध्याकाळी अण्णांना ठाण्यात बोलावलं. माणूस मानाचा, म्हणून बाकावर न बसवता खुर्ची दिली आणि चहा मागवला. वहाणा समोर ठेवल्या.

"घाला बघू."

"आता कशाला..."

"तुमच्याच हायत न्हवं? घाला."

घातल्या. टाच चांगली दोन बोटं वहाणेच्या बाहेर राहिली. अण्णा खाली बघत बसले. अशा वेळी पोलिसानं तोंड बंद ठेवावं, समोरच्याचं आपोआप उघडतं.

"जावयाच्या हायत," ते शेवटी म्हणाले. "धोंड्याच्या महिन्यात जेवायला बोलावलं हुतं, तवा मीच करून दिल्या. माप देऊन."

"फोन तुमीच केला."

"दोन्ही वेळा."

"मग अर्ज कशाला दिलात, अण्णा? अड्डा तुमीच दाखवायचा आणि तुमीच उठवायचा?"

"अड्डा बंद व्हावा म्हनून दिला! पोरगी रोज रडती फोनवर. म्हटलं, सिस्टरची परवानगी गेली की जागा गेली, जागा गेली की खेळ गेला. पण जावयाला बेड्या घालून नेलेलं लेकीनं बघायचं का? तेवढं न्हाई सोसवत मला, फौजदार."

"आणि सिस्टर?"

"तिचं काय. कागद जाईल एक. पेन्शन हाय तिला."

"कागद न्हाई. मालकीण म्हणून पहिलं नाव तिचं लागलं असतं. पंच म्हणून केलेल्या तुमच्या सहीनं."

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. हे त्यांच्या खरंच ध्यानात आलेलं नव्हतं. एवढी वर्षं माणसं तपासल्यावर तेवढं कळतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी अण्णा स्वतः जावयाला घेऊन आले. जावई अण्णांच्याच जुन्या चपला घालून, फरफटत चालत आला. त्याच्याकडून बाकीच्यांची नावं मिळाली. खोट्या नावानं बुकिंग करणारा सापडला, गुन्हा दाखल झाला. सिस्टरचं नाव कुठंही लागलं नाही. तिला ठाण्यात बसवल्याबद्दल मी काही बोललो नाही, आजही बोलणार नाही. संशय घेणं हे माझं काम होतं.

सोमवारी सुनावणीला मी जबाब द्यायला गेलो. हॉलमध्ये निम्मी कॉलनी. सिस्टर पहिल्या ओळीत, मांडीवर पर्स. अधिकाऱ्यांनी विचारलं, "हरकत कोणाची?"

अण्णा उभे राहिले. मी म्हटलं, आता माणूस हरकत मागं घेऊन गुपचूप बसतो.

"माझी हाय," अण्णा म्हणाले. "आनि ती जुगाराला हाय. खेळणारा माझा जावई हुता, पळवून लावणारा मी. सिस्टरला माझी हरकत न्हाई."

अधिकाऱ्यांनी सिस्टरकडं बघितलं. ती उठली. अण्णांकडं न बघताच म्हणाली, "मी गावाला असताना खोली द्यायची न्हाई, असं लिहून घ्या माझ्याकडनं. आनि अण्णा, तुमच्या पोरीला म्हणावं, काय अडलं-नडलं तर भिंतीपलीकडं मी हाय."

परवानगी राहिली.

शेजारच्याला पंच घेणं मी त्या दिवसापासून बंद केलं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तक्रार घेऊन येणारा एक तर खरा असतो, नाही तर वैरी, असं मी तोवर धरून चाललो होतो. अण्णांची तक्रार शंभर टक्के खरी होती आणि छापा त्यांनीच मोडला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अर्ज घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारत आलो : तुम्ही म्हणताय ते खरं निघालं, तर तुमच्या घरातलं कोण अडकेल? लगेच "कोणी नाही" म्हणणाऱ्याचा अर्ज ठेवून घ्यायचो. जो थांबायचा, त्याला आधी खुर्ची द्यायचो.