दाजींची चुकलेली खेप

आमचे दाजी प्लंबर. एकदा दुरुस्त केलेल्या नळासाठी पुन्हा बोलावणं आलं की त्यांच्या जिवाला लागायचं. "परत बोलावलं म्हणजे आपणच माती खाल्ली," म्हणायचे. त्यांना रक्ताची उलटी झाली, डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी रिंगा बसवल्या आणि तीन आठवड्यांनी पुन्हा यायला सांगितलं. झालं, दाजींच्या मनात पाल चुकचुकली.

"नीट बसवल्या असत्या तर परत कशाला बोलावतील?" मला कोपऱ्यात घेऊन ते म्हणाले. "बाईंनी काम बिघडवलंय. कबूल कोण करणार!"

बाईंनी समजावलं होतं. दारूने लिव्हर खराब झालंय, त्याचा ताण या शिरांवर येतो, आणि सगळ्या शिरा एका खेपेत बांधून होत नाहीत. दारू बंद, गोळ्या चालू, शिरा पुरत्या बसेपर्यंत खेपा. यातलं एक जरी चुकलं तरी पुन्हा रक्त. दाजींना त्यातली खेप तेवढी खटकली.

ताईने फक्त दारूचं ऐकलं. दाजींनी चपला काढायच्या आत ही त्यांचं तोंड हुंगणार, हत्यारांची पिशवी उपसणार, फ्लशच्या टाकीत हात घालून बाटली शोधणार. दाजी वैतागून म्हणायचे, "अगं, पोलिसात का भरती होत नाहीस?" खेपेच्या दिवशी ते "जाऊन आलो" म्हणाले. तिने वास घेतला, वास आला नाही, विषय संपला. हुशारी दोघांचीही उतू जात होती, पण भलत्याच जागी!

मग एका दुपारी जेवता जेवता दाजींना भडाभडा रक्ताची उलटी झाली. आणि आमची ताई त्या रक्तात गुडघे टेकून आधी काय करते? तोंडाचा वास घेते! मी ओरडलो तेव्हा कुठे ती भानावर आली.

दवाखान्यात बाईंनी रक्त थांबवलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "उरलेल्या शिरा मागेच बांधायच्या होत्या. हे आलेच नाहीत. पण दारू खरंच सोडलीय त्यांनी. लिव्हरने थोडी उभारी धरलीय, म्हणून आज हाती लागले. पुढच्या खेपेला तुम्ही स्वतः घेऊन या."

आत गेल्यावर ताईने त्यांचा हात धरला. "अहो, खरंच सोडली होती? मग मला सांगायचं नाही का?"

दाजींचा घसा बसला होता. "रोज सांगत होतो की," ते कसेबसे म्हणाले. "तू वास घेत होतीस."